माहिती शोधणे पाहून शिकता येते का? सामाजिक अध्ययन सिद्धांत आणि माहितीशास्त्र

शोधयात्री (धागाकर्ता)

ग्रंथालय आणि माहितीशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी माहितीविषयक वर्तनाच्या प्रकरणात माहितीशास्त्रज्ञ टॉम विल्सन यांची, माणूस माहिती कशी शोधतो हे दाखवणारी आकृती एकदा तरी पाठ केलेली असते. १९८१ मध्ये त्यांनी मांडलेल्या प्रारूपाची सुधारित आवृत्ती १९९६ मध्ये आली आणि तिच्यात, गरज जाणवल्यावर माणसाला शोधाकडे ढकलणाऱ्या यंत्रणांच्या चौकटी नव्याने दाखल झाल्या. एका चौकटीत ताण व त्याच्याशी जुळवून घेण्याचा सिद्धांत आहे. दुसरीत जोखीम व लाभ यांचा सिद्धांत आणि त्याच्या शेजारी सामाजिक अध्ययन सिद्धांत आहे. या शेवटच्या, म्हणजे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या सिद्धांताच्या नावापुढे ‘बांडुरा, स्व-कार्यक्षमता’ एवढे लिहिले की उत्तर पूर्ण झाले असे आपण मानतो. ते पूर्ण होत नाही, असे मला बरेच दिवस वाटत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

विल्सन यांच्यापुढचा प्रश्न असा होता की, माहितीची गरज आहे, साधने हाताशी आहेत, तरीही माणूस शोधायला का उठत नाही? हे काम आपल्याला जमेल ही भावना, म्हणजेच स्व-कार्यक्षमता, क्षीण असेल तर साधन चांगले आहे हे ठाऊक असूनही माणूस त्याच्या वाटेला जात नाही, हे उत्तर नेमके आहे आणि त्यातून पुढे पुष्कळ संशोधनही झाले. परंतु ही संकल्पना ज्या सिद्धांताच्या पोटात वाढली, त्याचा मूळ विषय होता दुसऱ्याकडे पाहून शिकणे. माहितीशास्त्राने ‘जमेल’ ही भावना उचलली आणि ‘पाहणे’ मागे सोडले, असे माझे म्हणणे आहे.

या विचाराची सुरुवात अल्बर्ट बांडुरा यांच्यापासून होत नाही. नील मिलर आणि जॉन डोलार्ड यांनी अनुकरणावरील आपला ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि ज्युलियन रॉटर यांनी १९५४ मध्ये सामाजिक अध्ययनाचा संबंध चिकित्सा मानसशास्त्राशी जोडला होता. मात्र मिलर आणि डोलार्ड यांच्या मांडणीत अनुकरण ही सुद्धा बक्षिसामुळे पक्की होणारी सवयच होती. शिकणाऱ्याने स्वतः काही कृती करायची, तिचे फळ मिळायचे आणि मग ती कृती दृढ व्हायची, या वर्तनवादी साखळीतून ते पुरते बाहेर पडले नव्हते. बांडुरा यांनी ही साखळी तोडली. त्यांचा १९६१ चा प्रयोग सर्वांना माहीत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतील ७२ मुले, हवा भरलेली बाहुली, तिला मारणारी प्रौढ व्यक्ती आणि नंतर तसेच वागणारी मुले, हे चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते.

माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रयोग १९६५ चा आहे आणि त्याची चर्चा आपल्या विषयात जवळजवळ होत नाही. त्यात ६६ मुलांना चित्रफीत दाखवली गेली. फितीतील व्यक्ती बाहुलीला मारते हे सर्वांनी पाहिले, पण शेवट तीन प्रकारचे होते. एका गटाने त्या व्यक्तीला बक्षीस मिळताना पाहिले, दुसऱ्याने तिला शिक्षा होताना पाहिले आणि तिसऱ्याला कोणताच परिणाम दाखवला गेला नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नंतर कमी अनुकरण केले. प्रयोग इथे थांबला असता, तर शिक्षा पाहिलेली मुले कमी शिकली असाच निष्कर्ष निघाला असता. परंतु त्यानंतर सर्व मुलांना, फितीतल्या व्यक्तीने जे जे केले ते करून दाखवल्यास खाऊ आणि चित्रे मिळतील, असे सांगण्यात आले, आणि तिन्ही गटांतील फरक नाहीसा झाला. शिकले सगळेच होते. काहींनी ते दाखवले नव्हते, इतकेच. शिकणे वेगळे आणि शिकलेले करून दाखवणे वेगळे, हा भेद या सिद्धांताचा कणा आहे.

आता आपण ग्रंथालयात काय मोजतो ते पाहा. किती ग्रंथ दिले गेले, किती लेख उतरवले (डाउनलोड केले) गेले, तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत, किती वेळा शोध घेतला गेला, प्रशिक्षणानंतरच्या चाचणीत किती उत्तरे बरोबर आली. हे सारे ‘करून दाखवणे’ आहे. ज्याने शोधले नाही त्याला शोधता येत नाही, हे आपण न बोलता गृहीत धरतो.

दुसरा मुद्दा मला अधिक अवघड वाटतो. निरीक्षणातून शिकण्यासाठी बांडुरा चार प्रक्रिया सांगतात: अवधान, म्हणजे लक्ष जाणे, धारणा, म्हणजे पाहिलेले मनात साठवणे, पुनरुत्पादन, म्हणजे ते स्वतः करता येणे, आणि प्रेरणा. यातील पहिल्याच पायरीवर माहितीचा शोध अडतो, कारण लक्ष देण्यासारखे तिथे काही दिसत नाही. सुताराचा हात दिसतो, पोहणाऱ्याचा दम घेण्याचा क्षण दिसतो. शोध घेणारा माणूस शेजारी बसलेला असला तरी दिसते ती त्याची पाठ आणि शेवटी हाती आलेली यादी. त्याने कोणता शब्द आधी वापरला, तो का बदलला, पहिले पान पाहून त्याला शंका का आली, अमुक स्रोत त्याने उघडलाच का नाही, हे निर्णय डोक्यात होतात आणि तिथेच विरतात. जे वर्तन मुळात अदृश्य आहे, ते पाहून शिकण्याचा सिद्धांत माहितीशास्त्राला कितपत उपयोगी पडेल? जाणकारांनी आणि विशेषतः संदर्भसेवेत, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे शोधून देण्याच्या सेवेत, काम करणाऱ्यांनी लिहावे.

संदर्भकक्ष

धागा आवडला. मी संदर्भसेवेत आहे, म्हणून टेबलाच्या या बाजूचे लिहितो.

‘अदृश्य वर्तन’ हा मुद्दा मला कॉन्स्टन्स मेलन यांच्या १९८६ च्या लेखाकडे नेतो. त्यांनी दोन वर्षे सुमारे ६००० विद्यार्थ्यांच्या लिखित नोंदी तपासल्या आणि ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाबद्दलची आपली पहिली भावना भीतीच्या भाषेत व्यक्त केल्याचे त्यांना आढळले. ‘ग्रंथालयाची धास्ती’ ही संज्ञा तिथून रूढ झाली. आपण बहुधा एवढेच आकडे सांगून पुढे जातो. त्या भीतीचे जे वर्णन मेलन यांनी केले आहे ते या धाग्यात बरोबर बसते. विद्यार्थ्यांना वाटत होते की ग्रंथालय कसे वापरावे हे आपल्याला येत नाही, पण बाकीच्यांना येते; हे न येणे लाजिरवाणे आहे; आणि प्रश्न विचारला तर ते उघडे पडेल. ‘बाकीच्यांना येते’ हे त्यांनी कशावरून ठरवले? शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थीही तितकाच गोंधळलेला होता, पण त्याचा गोंधळ दिसत नव्हता, त्याच्यासमोरची पुस्तके दिसत होती. म्हणजे निरीक्षणातून शिकणे इथेही घडलेच, फक्त चुकीचे घडले. त्यामुळे पाहण्यासारखे काहीच नसते हे आपले विधान मी थोडे बदलेन. पाहण्यासारखे असते ते अर्धेच असते आणि उरलेले माणूस स्वतःच्या विरुद्ध भरून काढतो.

आणखी एक अडचण आमच्या व्यवसायाच्या शिकवणीतच आहे. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र आम्ही शिरोधार्य मानतो. वाचक प्रश्न घेऊन येतो, आम्ही संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवलेलाच ठेवून दोन मिनिटांत उत्तर काढतो आणि हातात देतो. वेळ वाचला हे खरे, परंतु त्या दोन मिनिटांत मी काय केले हे त्याने पाहिले नाही. पडदा त्याच्याकडे फिरवून, बोलत बोलत शोध घ्यायचा म्हटले तर तेच काम दहा मिनिटांचे होते आणि मागे रांग लागते. सूत्राचा दोष नाही. ज्याला केवळ उत्तर हवे आहे त्याला शिकवत बसणे हाही एक अत्याचारच आहे. पण कोणाला काय हवे आहे हे ओळखण्याआधीच आम्ही पडदा स्वतःकडे ठेवलेला असतो, एवढे कबूल करतो.

मनोवेध

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे आधी दोन दुरुस्त्या आणि मग मुद्द्याचे.

पहिली दुरुस्ती नावाची. बांडुरा यांनी १९७७ मध्ये सामाजिक अध्ययन सिद्धांत या नावानेच ग्रंथ लिहिला, परंतु १९८६ च्या मोठ्या ग्रंथात त्यांनी आपल्या मांडणीला सामाजिक बोधात्मक सिद्धांत असे नाव दिले. हा केवळ पाटी बदलण्याचा प्रकार नव्हता. माणूस, त्याचे वर्तन आणि परिस्थिती हे तिन्ही घटक एकमेकांना घडवतात, ही अन्योन्य कार्यकारणाची कल्पना तोवर केंद्रस्थानी आली होती. वर्गात आपण अजूनही जुनेच नाव चालवतो, त्याला माझी हरकत नाही, पण विल्सन १९९६ मध्ये जुने नाव वापरत होते हे लक्षात ठेवावे.

दुसरी दुरुस्ती भाषेची. मराठी पाठ्यपुस्तकांत ज्याच्याकडे पाहून शिकले जाते त्या व्यक्तीला पुष्कळदा ‘आदर्श’ म्हटले जाते आणि त्यामुळे घोटाळा होतो. बाहुलीला हातोडीने मारणारी व्यक्ती आदर्श कशी? सिद्धांताच्या दृष्टीने ती चांगली की वाईट याला महत्त्व नाही. तिचे वागणे समोर आहे एवढे पुरेसे. मी वर्गात ‘नमुनाव्यक्ती’ म्हणतो. शब्द कानाला गोड नाही, पण दिशाभूल करत नाही.

बाहुलीच्या प्रयोगांवरची टीकाही नोंदवायला हवी. ती बाहुली मारण्यासाठीच बनवलेली होती, मोजमाप लगेचच झाले आणि मुले एका विद्यापीठाच्या बालशाळेतली होती. तेव्हा आक्रमकतेबद्दल त्यावरून फार मोठी विधाने करू नयेत. १९६५ च्या प्रयोगातील शिकणे आणि दाखवणे यांमधील भेद मात्र या टीकेतून बऱ्यापैकी सहीसलामत सुटतो, म्हणून शोधयात्री यांनी बोट ठेवलेली जागा मला योग्य वाटते.

आता मुख्य मुद्दा. स्व-कार्यक्षमता आणि निरीक्षण हे दोन वेगळे तुकडे आहेत आणि माहितीशास्त्राने एक घेऊन दुसरा सोडला, ही मांडणी मला अपुरी वाटते. बांडुरा यांनी १९७७ च्याच एका लेखात स्व-कार्यक्षमतेचे चार उगम सांगितले. स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव हा सर्वांत बळकट उगम. दुसरा, आपल्यासारख्या माणसाला ते जमताना पाहणे. तिसरा, कोणी पटवून सांगणे. आणि चौथा, शरीर व मन त्या वेळी काय सांगते, म्हणजे छातीतली धडधड आपण भीती म्हणून वाचतो की उत्साह म्हणून. म्हणजे निरीक्षण स्व-कार्यक्षमतेच्या आतच बसलेले आहे. माहितीशास्त्राची चूक असलीच तर ती अशी की त्याने भावना मोजली आणि ती कुठून आली हे विचारले नाही.

‘आपल्यासारख्या’ या शब्दावर मी जोर देईन. डेल शुंक यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या गणिताच्या अध्ययनावर जे काम केले, त्यात दोन प्रकारच्या नमुनाव्यक्ती होत्या. एक सुरुवातीपासून बिनचूक काम करणारी, दुसरी आधी अडखळणारी, ‘हे मला जमत नाही’ असे म्हणणारी आणि हळूहळू सावरत जाणारी. ज्या मुलांना त्या विषयात आधीच अडचण होती, त्यांना अडखळून सावरणाऱ्या समवयस्काचा उपयोग होतो असे दिसले. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण सावधगिरीसाठी वापरतो. इथे तिचा अर्थ वाढतो, कारण ठेच लागल्यावर पुढचा उठून चालू लागला हेही मागच्याने पाहिलेले असते.

संदर्भकक्ष

मनोवेध यांचा शेवटचा परिच्छेद वाचून जरा ओशाळलो. नव्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही जी ओळख-सत्रे घेतो, त्यांतला प्रत्येक शोध मी आदल्या दिवशी करून पाहिलेला असतो. शब्द असे निवडतो की पहिल्याच प्रयत्नात नेमके सात-आठ उत्तम लेख यावेत. सभागृहात सगळे माना डोलावतात आणि तासाभराने त्यांच्यातलाच एखादा टेबलाशी येऊन म्हणतो की तुम्ही केले तसेच केले, पण मला चार हजार निकाल आले. त्याने माझ्याकडून शिकण्यासारखे काय पाहिले होते? न चुकणारा माणूस पाहिला होता.

विदासंग्रही

माझा धाग्याच्या गृहीतकालाच आक्षेप आहे. मी माहिती-प्रणाली बांधण्याच्या क्षेत्रात आहे. आमच्याकडे इतरांचे वर्तन दाखवण्याची कल्पना जुनी आहे. १९९२ मध्ये हिल, हॉलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रचना मांडली की एखाद्या दस्तऐवजाचा कोणता भाग लोकांनी जास्त वाचला किंवा जास्त बदलला, हे पडद्याच्या कडेच्या सरकपट्टीवरच (स्क्रोलबारवर) खुणांच्या रूपाने दिसावे. जुन्या पुस्तकाचे ठरावीक पान आपोआप उघडते तशी ही डिजिटल झीज. १९९४ मध्ये डूरिश आणि चामर्स यांनी त्यालाच सामाजिक दिशादर्शन असे व्यापक नाव दिले. आज ‘हे वाचणाऱ्यांनी हेही वाचले’, किती वेळा उतरवले, किती जणांनी उद्धृत केले, हे सगळीकडे असते. इतरांचे वर्तन इतके उघड याआधी कधीच नव्हते. मग अदृश्य काय राहिले?

शिवाय चर्चास्थळे आहेत. नॉनेक आणि प्रीस यांनी २००० मध्ये ई-पत्रगटांचा, म्हणजे ई-मेलवर चालणाऱ्या चर्चागटांचा, अभ्यास करून दाखवले की आरोग्यविषयक गटांत सुमारे ४६ टक्के आणि संगणक-प्रणालींच्या गटांत सुमारे ८२ टक्के सदस्य काहीच लिहीत नाहीत. पूर्वी अशा लोकांना फुकटे म्हणत. शोधयात्री यांच्या १९६५ च्या प्रयोगाच्या भाषेत सांगायचे तर ती शिकलेली, पण करून न दाखवणारी मुले आहेत. तुमचा सिद्धांत तिथे रोज चालू आहे.

शोधयात्री

न लिहिणाऱ्या सदस्यांबद्दलचा मुद्दा मी आनंदाने स्वीकारतो. तो माझ्याच बाजूचा आहे आणि तो मला सुचायला हवा होता. अशा गटात प्रश्न विचारणाऱ्याचा गोंधळ, चुकलेले प्रयत्न, कोणीतरी केलेली दुरुस्ती आणि त्यावरचा वाद हे सारे क्रमाने लिहिलेले असते. अडखळून सावरणारी नमुनाव्यक्ती तिथे फुकट मिळते.

उतरवलेल्या प्रतींचे आकडे आणि शिफारशी यांबाबत मात्र मी सहमत नाही. त्यांत इतरांनी काय निवडले ते दिसते. कसे निवडले ते दिसत नाही. बांडुरा यांच्या शब्दांत, कृतीचा परिणाम समोर येतो, कृती येत नाही. याचे फलित काय होते, हे सॅलगॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांच्या २००६ च्या प्रयोगात चांगले दिसते. १४,३४१ सहभागी व्यक्तींना अपरिचित गटांची ४८ गाणी ऐकून हवी ती उतरवून घेण्याची सोय दिली होती. काहींना इतरांच्या निवडीचे आकडे दिसत नव्हते, तर बाकीच्यांना आठ स्वतंत्र ‘जगांत’ विभागून त्या त्या जगातले आकडे दाखवले होते. आकडे दिसत होते तिथे लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, आणि कोणते गाणे वर जाईल हे जगागणिक बदलले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत, पण मधल्या गाण्यांचे नशीब कसेही फिरले. गाणे निवडावे कसे, हे त्या आकड्यांकडे पाहून कोणी शिकले असेल असे मला वाटत नाही. तिथे अनुकरण झाले, पण कौशल्य एकाकडून दुसऱ्याकडे गेले नाही.

विदासंग्रही

ठीक, निवड आणि निवडण्याची रीत हा भेद मान्य. पण मग वाचकांच्या शोधांची क्रमवार नोंद आमच्याजवळ असते: कोणता शब्द, मग कोणता शब्द, किती वेळाने काय उघडले. ती इतर वाचकांना दाखवली, तर रीत दिसेल का? तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण गोपनीयतेची आहे. कोणी काय वाचले हे उघड न करणे हे ग्रंथालयांचे जुने व्रत आहे आणि शोधांचे शब्द तर वाचलेल्या पुस्तकांपेक्षाही अधिक बोलके असतात.

शोधयात्री

गोपनीयतेचा अडसर खरा आहे आणि तो राहावा. त्याशिवाय, शब्द बदलल्याची नोंद मिळेल पण तो का बदलला हे त्यात नसेल. धारणा या दुसऱ्या प्रक्रियेविषयी बांडुरा आग्रहाने सांगतात की पाहिलेले मनात शब्दांच्या किंवा प्रतिमांच्या रूपात साठवावे लागते. कारण कळल्याशिवाय शब्दांची रांग लक्षात राहत नाही आणि राहिली तरी दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडत नाही.

प्रश्नांकित

मी माहिती-साक्षरतेच्या, म्हणजे माहिती शोधण्याच्या व पारखण्याच्या कौशल्याच्या, मोजमापावर काम करते, म्हणून स्व-कार्यक्षमतेच्या प्रश्नावलींबद्दल लिहिते.

संगणक वापरण्यातील स्व-कार्यक्षमतेची बहुधा सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली कॉम्पो आणि हिगिन्स यांची, १९९५ ची. तिच्यात अपरिचित प्रणाली वापरून काम पूर्ण करता येईल का, हे वेगवेगळ्या अटींसह विचारले जाते: कोणीही सांगायला नसेल तर, केवळ माहितीपुस्तिका असेल तर, इत्यादी. त्यांपैकी एक अट अशी आहे की, स्वतः वापरण्याआधी दुसऱ्या कोणाला ती प्रणाली वापरताना पाहिले असेल तर. म्हणजे मोजपट्टी बनवणारे निरीक्षण विसरले नव्हते. त्याच वर्षी याच दोघांनी प्रशिक्षणाच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या, व्याख्यान आणि प्रत्यक्ष वर्तनाचे चित्रित प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाचा प्रभाव तक्ते मांडण्याच्या प्रणालीत स्पष्ट दिसला, शब्दलेखनाच्या प्रणालीत तसा दिसला नाही. गिस्ट, श्वोअरर आणि रोझेन यांनी त्याआधी १९८९ मध्ये प्रात्यक्षिकाच्याच बाजूने निष्कर्ष मांडला होता. तेव्हा पाहणे उपयोगी पडते, पण प्रत्येक कामात सारखे पडत नाही, असे मी म्हणेन.

माहिती-साक्षरतेसाठी कुर्बानोग्लू, अक्कोयुन्लू आणि उमाय यांनी २००६ मध्ये स्वतंत्र मोजपट्टी तयार केली आणि ती पुष्कळ देशांत वापरली जाते. इथे मला एक इशारा द्यावासा वाटतो. मेलिसा ग्रॉस आणि डॉन लेथम यांनी महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या कामात असे दिसले की ज्यांचे प्रत्यक्ष कौशल्य चाचणीत कमी भरते, ते स्वतःला बरेच वरचे समजतात. अशा विद्यार्थ्याची स्व-कार्यक्षमता उंच असते. विल्सन यांच्या आकृतीप्रमाणे तो शोधाला उठेलही; पण मदत घ्यायला किंवा शिकायला येणार नाही, कारण शिकण्यासारखे काही उरले आहे असे त्याला वाटतच नाही. मेलन यांचे घाबरलेले विद्यार्थी आणि ग्रॉस यांचे निर्धास्त विद्यार्थी एकाच वाचनकक्षात बसतात. दोघांनीही दुसऱ्याचा शोध कधी पाहिलेला नसतो. पहिल्याला वाटते सगळे आपल्यापेक्षा वरचढ आहेत. दुसऱ्याला तुलनेसाठी कोणी दिसतच नाही.

मनोवेध

प्रश्नांकित यांच्या मुद्द्याला पुस्ती. स्व-कार्यक्षमता म्हणजे आत्मविश्वास नव्हे, हे बांडुरा वारंवार सांगत. ती विशिष्ट कामापुरती असते. ‘मला माहिती शोधता येते’ हे विधान इतके सैल आहे की त्याला हो म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेमके कोणते काम होते हे कळत नाही. एखाद्या विषयावर काहीतरी सापडणे आणि एका वादग्रस्त दाव्याच्या मुळाशी पोहोचणे, ही दोन कामे आहेत. प्रश्नावलीत काम जितके नेमके, तितके उत्तर विश्वासार्ह.

विदासंग्रही

एक उदाहरण सुचले, सिद्धांत थोडा वेगळा आहे. ज्युलियन ओर यांनी छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांमध्ये राहून केलेला अभ्यास १९९६ मध्ये ग्रंथरूपाने आला. पुस्तिकेत नसलेले बिघाड ते जेवताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून शिकत. किश्शात काय काय करून फसलो हेही येते. शोधाचेही असे किस्से का सांगितले जात नाहीत?

शोधयात्री

ओर यांचे तंत्रज्ञ लेव्ह आणि वेंगर यांच्या १९९१ च्या मांडणीशी अधिक जुळतात. तिथे शिकणे म्हणजे एका कसबी समूहाच्या काठावरून हळूहळू आत येणे असते. बांडुरा यांच्याकडे शिकणारे मन एकेकट्याचे आहे. हा भेद मोठा आहे, पण तो इथे उकलत बसलो तर धागा भरकटेल. किश्श्याचा मुद्दा मात्र घेतो. किस्सा हा शोधाला मागाहून मिळालेला दृश्य आकार आहे.

शोध चालू असतानाच तो दृश्य करण्याचा मार्ग म्हणजे मोठ्याने विचार करणे. कॉलिन्स, ब्राउन आणि न्यूमन यांनी १९८९ मध्ये बौद्धिक उमेदवारीची जी कल्पना मांडली, तिचा गाभाच हा आहे की जाणकाराने आपला विचार ऐकू येईल असा करावा. माहितीच्या पारखीबाबत याचे फळ सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या २०१७ च्या अभ्यासात मिळते. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-पडताळणीकार आणि स्टॅनफर्डचे २५ पदवी विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे देऊन, मोठ्याने विचार करत त्यांची विश्वासार्हता ठरवायला सांगितले होते. इतिहासकार आणि विद्यार्थी पुष्कळदा त्याच स्थळावर वर-खाली फिरत राहिले, मांडणी आणि बोधचिन्हे पाहून फसले. पडताळणीकारांनी थोडक्यात नजर टाकून ते स्थळ सोडले, नव्या खिडक्या उघडल्या आणि इतर लोक त्या स्थळाबद्दल काय म्हणतात ते पाहिले. ‘सोडून जाणे’ ही त्यांच्या कौशल्याची सर्वांत महत्त्वाची कृती होती आणि अंतिम उत्तराकडे पाहून ती कोणालाच कळली नसती. आता ती नाव देऊन शिकवली जाते. संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो: तिथे पाने, यादी, निवड हेही पुसले जाऊन थेट परिच्छेद हाती येतो. पूर्वी निदान शोधणाऱ्याची पाठ दिसत होती.

प्रश्नांकित

तरीही एक शंका. पडताळणीकार बिनचूक होते. मनोवेध यांनी सांगितलेली अडखळणारी नमुनाव्यक्ती आणि ही तज्ज्ञ नमुनाव्यक्ती, यांपैकी नवख्यासमोर कोण असावे?

मनोवेध

दोघेही, पण एकाच वेळी नव्हे, असे मी म्हणेन. ज्याला ‘मला जमणार नाही’ असे वाटते त्याच्यासमोर आधी अडखळणारा यावा. ज्याला सगळे येते असे वाटते त्याच्यासमोर तज्ज्ञ यावा, आणि तोही त्या विद्यार्थ्याने स्वतःचे उत्तर लिहून दिल्यानंतर, म्हणजे दोन्हींतील अंतर त्याला स्वतःला दिसेल. दुसऱ्या सूचनेच्या मागे माझ्याकडे प्रयोग नाही, वर्गातला अनुभव आहे.

संदर्भकक्ष

काही आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. या धाग्यामुळे गेल्या सत्रात एक बदल केला. तयार शोध दाखवण्याऐवजी समोरच्यांना विषय विचारला आणि माझ्याकडे पूर्वी कधी न आलेला प्रश्न घेऊन सर्वांदेखत, बोलत बोलत शोधू लागलो. पहिले दोन प्रयत्न फसले. पहिल्यात शब्द फार व्यापक होता. दुसऱ्यात मी ज्याला विषयशीर्षक, म्हणजे त्या विषयासाठी तालिकेत ठरवलेले नाव, समजत होतो ते तालिकेत त्या रूपात नव्हतेच. तिसऱ्या खेपेला एका बऱ्या लेखाच्या नोंदीतून योग्य शीर्षक सापडले आणि वाट मोकळी झाली. ‘या नोंदीत खाली पाहायचे हे तुम्हाला कसे सुचले?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले. असा प्रश्न मला गेल्या कित्येक सत्रांत कोणी विचारला नव्हता.

दुसरी बाजूही सांगतो. अभिप्रायपत्रांत दोघांनी ‘पूर्वतयारी कमी वाटली’ असे लिहिले आहे आणि एकाने तेवढ्यात मागच्या दाराने काढता पाय घेतला होता. मनोवेध, नमुनाव्यक्तीची पत कमी वाटली तर लक्षच जात नाही, असेही बांडुरा सांगतात ना? पुढच्या खेपेस पहिला शोध तयार करून आणीन, दुसरा तिथेच विचारून घेईन आणि तो फसू शकेल हे सुरू करण्याआधी सांगेन.